गोडाचा घास

“आन एकदा रेस कर,” गौस ओरडला.

जीपमध्ये बसलेल्या रावजीनं पाय दाबला. लांब पेचकसाचं टोक इंजिनाला अन् मूठ कानाला लावून गौस वाकून ऐकत होता. आतून आवाज येत होता. खड्... खड्... हाडावर हाड आपटावं तसा, कोरडा.

होटगी रोडवरच्या गॅरेजपुढं सकाळपासून हेच चाललं होतं. पंख्याचा पट्टा काढून पाहिला, आवाज गेला नाही. इंजिनाखालची रबरं बदलली, तरी तो चिवट पाहुण्यासारखा ठाण मांडूनच. अक्कलकोटच्या वडापाला, सीटा भरायला, जीप लागली नव्हती, अन् रावजीच्या घरात दुसरं कमावणारं कुणी नव्हतं.

“बंद कर. वरचा आवाज नै ये, पोटातला हाय,” गौस म्हणाला. “चेंबर उतरवतो.”

“तेल तर भरलेलं हाय की, गौसभाई. कालच बघितलं.”

इंजिनाखालचं तेलाचं चेंबर खाली आलं. काळं तेल घमेल्यात उतरलं. तेल वर ओढणारी जाळी गौसनं बाहेर काढली आणि नखानं खरवडली.

“तेल होतं रे, पन वर चढलंच नै. जाळी बुजलीय. इंजिन सुकं पळलं.” त्यानं नखावरचा गाळ रावजीच्या तळहातावर ठेवला. “हे बघ. तांदूळ. ही डाळ. कुनीतरी दुश्मनीनं टाकलंय. वडापवाल्यातला कोन हाय, नाव सांग निस्तं!”

रावजीनं अंगठ्यानं गाळ चोळला. काळ्या तेलातून हरभऱ्याच्या डाळीचा पिवळा कण वर आला. त्याला नाव कळलं.

कारहुणवी. बैलांचा सण. वळसंगला गावी होते तोवर त्याची बायको सोनाबाई त्या दिवशी शिंगं रंगवायची, अक्षता टाकायची, आणि पुरणाचा घास भरवता भरवता गायची —

पुरणाचा घास, धन्याआधी तुला राजा
तुझ्या खांद्यावरी, उभा संसार माझा

बैल विकून जीप घेतली, शहरात खोली केली, आणि तिची ओवी आटली. सणाला पुरण शिजेना. रावजीनं विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही.

यंदा मात्र तिनं डाळ शिजवली. खोलीपुढं बॉनेट उघडून तो तेल ओतत होता, तेव्हा ती पुरण-अक्षतांचं ताट घेऊन आली.

“हे तोंड व्हय हिचं?”

“व्हय की. हितनंच पिती, हितनंच खाती,” तो हसला. तेवढ्यात फोन वाजला. झाकण तसंच टाकून तो बाजूला गेला. परत येतो तो सोनाबाई बॉनेटपाशी गात उभी. इतक्या वर्षांनी! तो ऐकतच राहिला. ओवी संपल्यावर त्यानं हलक्या हातानं झाकण लावलं.

“हुईल का दुरुस्त?” तळहातावरचा गाळ मुठीत मिटत रावजीनं विचारलं.

गौसनं मान हलवली. “खोटं कशाला बोलू? क्रँक खाल्ली, सगळं खाल्लं. भंगारात दे.”

तेवढ्यात भाकरीचा डबा घेऊन सोनाबाईच रिक्षातून उतरली.

“घावला का वो आवाज?”

“भाबी, कुनीतरी यात तांदूळ...”

“तेल संपलं हुतं!” रावजी मधेच मोठ्यानं बोलला. “माज्याकडनं बघायचं राहिलं.”

गौसनं त्याच्याकडं पाहिलं. मग काठोकाठ भरलेलं घमेलं त्यानं पायानं हळूच जीपखाली सरकवलं आणि तो पाने-पेचकस गोळा करू लागला.

“मग? घाला की तेल.”

“आता काय बी उपेग न्हाय. मेली ती.”

सोनाबाई पडलेल्या टायरवर बसली.  तिचा आवाज फाटला.

“बैलाला कदी तहानलेलं ठिवलं का आपन? आं? म्या सणाला गोडाचा घास भरवला हिला, लेकरावानी. आन तुमाला निस्तं तेल घालाया सुचंना?”

“चुकलं माजं.”

“चुकलं म्हनं! जीव घेतलाव मुक्या जितराबाचा.”

तो खालमानेनं उभा राहिला. रडता रडता तिचं लक्ष त्याच्या हाताकडं गेलं. मिटलेल्या मुठीतून तेलाचा काळा ओघळ मनगटापर्यंत आला होता.

“आना हिकडं त्यो हात.” तिनं पदराचं टोक पुढं केलं. “मूठ सोडा की.”

रावजीनं मूठ अधिकच आवळली. ती बाहेरूनच एकेक बोट पुसत राहिली.