डावी बाही

ग्योक-लानने झारा बुडवला आणि आल्याच्या उकळत्या गोड पाण्यातून तांदळाचे गोळे अलगद वर काढले. वर्षातली सर्वांत मोठी रात्र आज होती. हे गोळे खाल्ल्याशिवाय वय पुढे सरकत नाही, म्हणून दिवेलागणीलाच चिआयी शहराच्या बाजारात तिच्या गाड्यापुढे रांग लागली होती. एरवी रडतखडत चालणारा गाडा आज तिला श्वास घ्यायला फुरसत देत नव्हता.

वाटीत मऊ शिजलेले शेंगदाणे घालताना तिची नजर रस्त्यापलीकडच्या खांबाकडे गेली. तिथे चिआ-हुंग उभा होता, तिच्या थोरल्या भावाचा मुलगा. त्याच्या बाहीवर तागाच्या कापडाचा तुकडा टाचलेला होता. सुतकातला माणूस दुसऱ्याच्या दुकानाची पायरी चढत नाही, म्हणून तो लांबच थांबला होता. तुकडा डाव्या बाहीवर होता. आईसाठी उजवी बाही असते, बापासाठी डावी.

दादा गेला, हे तिला असं कळलं.

तिने हातातली वाटी गिऱ्हाइकाला दिली. त्याच्या मागच्यालाही दिली. अकरा वर्षांपूर्वी आई गेली, तेव्हा आठवडा उलटायच्या आत तिने बाहीवरचा तुकडा काढून खिशात कोंबला होता आणि गाडा उघडला होता. सुतकी हातचं कोण खाणार? दादाने येऊन पाहिलं आणि आईपेक्षा तुला गिऱ्हाईक मोठं, एवढंच म्हणाला. त्या दिवशी धरलेला अबोला दोघांनीही सोडला नाही. तो हट्टी होता, आणि हीही काही कमी नव्हती.

हात पुसत ती रस्ता ओलांडून गेली.

“कधी?”

“रविवारी.” चिआ-हुंगने मान वर केली नाही. “तुम्ही जा आत्या, लोक खोळंबलेत. बाबांनी बजावलं होतं, सण होईपर्यंत तिला कळवू नका, तिच्या धंद्याचा दिवस आहे. मी उद्याच येणार होतो. पण घरी बसवेना.”

“असं म्हणाला तो?”

“दोनदा म्हणाले.”

ग्योक-लानला रडू फुटलं आणि भर बाजारात तिने ते लपवलं नाही. दादाला सुनवायची उत्तरं तिने अकरा वर्षं घोकून ठेवली होती. त्यांतलं एकही आता कामाचं नव्हतं.

“आणखी तुकडा आहे तुझ्याकडे?”

त्याने खिशावर हात ठेवला, पण तुकडा बाहेर काढला नाही. “उद्या लावा ना. बाबांना चाललं असतं.”

“मला नाही चालणार.”

तिने बाही पुढे केली. त्याने खिशातून तुकडा काढून तिच्या बाहीवर टाचला.

गाड्यापासून चार पावलांवरच ती थांबली. रांगेतल्या पहिल्या म्हातारीला म्हणाली, की काकू, भाऊ गेलाय, आज माझ्या हातचं नको. शेजारच्या आ-कीमकडे जा, त्याचेही गोळे चांगले असतात. म्हातारीने बाहीकडे पाहून मान हलवली. कुरकुर न करता माणसं पलीकडे सरकली. सगळे गेल्यावर ग्योक-लानने पुढे होऊन गॅस बंद केला.

“चल,” ती चिआ-हुंगला म्हणाली. “पुढे हो. तुमचं नवं घर मी पाहिलेलं नाही.”