मोजणीचा आठवडा

औषधांचा दुकानदार फीत कापायचं आमंत्रण घेऊन आला, तेव्हा अंडीवाली आजी अंडी पारखत बसली होती. एकेक अंडं दिव्यासमोर धरायचं, आत काळं दिसलं तर डावीकडच्या टोपलीत, नाही तर उजवीकडच्या. चाळीस वर्षांचा हात, बोलता बोलताही चुकत नसे.

गावातल्या बाकीच्या म्हाताऱ्या मेल्या का, असं तिने त्याला विचारलं. तो हसला. रस्ता समितीचा अध्यक्ष होता तो, आणि अध्यक्षाला हसावंच लागतं. मग त्याने सगळं समजावून सांगितलं. जुन्या रेल्वेचे रूळ कधीच भंगारात गेलेत, झुडपं तोडून मुरूम दाबलाय, स्लीपरच्या लाकडांची बाकं झालीत, पुढच्या स्टेशनापर्यंत तीन मैल आता माणसांनी चालायचं, पोरांनी सायकली फिरवायच्या. रविवारी सुरू करायचंय. त्या गाडीत आजीएवढं कोण बसलंय?

“स्टेशनमास्तर आहे की,” आजी म्हणाली. “त्याला काय कात्री जड झाली?”

दुकानदाराचं हसू गेलं. मास्तरांना पहिल्यांदा विचारलं होतं म्हणे. ते नाही म्हणाले. लाइन माझ्याच हाताने बंद पडली, म्हणाले. उतारू मोजायला रेल्वेचे मोजणीवाले आले होते त्या आठवड्यात पुढच्या स्टेशनच्या मास्तरने दहाचे वीस करून लिहायला लावले, आणि ह्यांनी जसं होतं तसं लिहू दिलं. दिवसाला अकरा माणसं. अकरा माणसांसाठी गाडी कोण चालवतं? एकतीस वर्षं हेच घोकत त्या स्टेशनच्या खोलीत बसलेत.

आजीने हातातलं चांगलं अंडं डावीकडच्या टोपलीत टाकलं.

अकरा. अकरा कशी झाली, हे जगात तिच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. मोजणीच्या आदल्या पंधरवड्यात मास्तरने भरल्या फलाटावर तिच्या टोपल्या डब्यातून खाली उतरवल्या होत्या. हा माणसांचा डबा आहे, खुराडं नाही, असं म्हणाला आणि चार लोक हसले. आजीच्या नाकाला मिरची झोंबायला तेवढं पुरे होतं. मग वह्या घेऊन दोन माणसं फलाटावर येऊन बसली. आजीला वाटलं, मास्तरचं काम कसं आहे ते बघायला आलीत. माणसं कमी दिसली की जाईल बदली होऊन, आणि हसेल तिकडे जाऊन. तिने घरोघर जाऊन सांगितलं, सहा दिवस कुणी गाडीत पाय ठेवायचा नाही, दिराचा टेंपो दाराशी उभा राहील. तिचा शब्द मोडायची कुणाची छाती नव्हती. अकरा होते ते परगावचे.

चार महिन्यांनी गाडीच बंद झाली. मास्तर तिथेच राहिला. आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकून करायचा म्हणतात, तो हा असा. पुढच्या स्टेशनाला आजीची धाकटी बहीण दिली होती. दर गुरुवारी अंडी विकून ती तिच्याकडे भाकरी खायला जायची. गाडी गेल्यावर रुळांची वाट झुडपांनी बुजली, आणि डोंगराला वळसा घालून दोन बस बदलत अर्धा दिवस जायचा, म्हणून जाणं वर्षातून दोन वेळांवर आलं. बहिणीचं दुखणं वाढल्याचा निरोप आला त्या दिवशी दुसरी बस चुकली. आजी पोचली तेव्हा अंथरुणाची वळकटी झाली होती. गाडीच्या नावाने बोटं मोडत ती तेव्हा सगळ्यांत मोठ्याने रडली होती.

आमंत्रण आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती स्टेशनावर गेली. तिकिटाच्या बंद खिडकीखाली मास्तर एक बाक रंगवत होता. वाळलेला, पाठीत वाकलेला. अंडी नकोत, तो न बघताच म्हणाला.

“विकायला नाही आले,” आजी म्हणाली, आणि उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. टोपल्या, टेंपो, सहा दिवस. शेवटी एक शब्द राहिला होता. चुकले. तो तिच्या तोंडून कधी निघाला नव्हता, सासूसमोर नाही की नवऱ्यासमोर नाही. तेव्हाही घशातच राहिला.

मास्तरने ब्रश डब्यावर आडवा ठेवला. “माणसं तेव्हा का आटली ते मला कळलंच नव्हतं. टेंपोत किती बसायचे?”

आजीने घरं सांगितली आणि तो बोटांवर मोजत गेला. सुताराकडचे चार, गिरणीवालीच्या दोघी, शिकायला जाणाऱ्या सहा मुली. अठ्ठावन्न झाले.

“म्हणजे मी वाढवून खोटं लिहू दिलं असतं, तरी ते खऱ्याच्या आतच राहिलं असतं,” तो म्हणाला. रंगाच्या डब्यावर साय धरायला लागली. “हे मला एकट्याला सांगून तुम्ही मोकळ्या होणार. मी गावाला एकतीस वर्षं सांगत आलोय, की माझ्यामुळे.”

रविवारी माणसं जमली. दुकानदार आजीच्या गाडीवरच्या मायेबद्दल बोलला, टाळ्या झाल्या आणि कात्री तिच्या हातात आली. आजीने फितीला हात लावला नाही.

“ही गाडी मी घालवली,” ती म्हणाली. “मास्तरवरच्या रागापायी तुम्हा सगळ्यांना टेंपोत बसवलं. त्याने लिहू दिलं ते खरं होतं. चुकले मी.”

कुणी टाळी वाजवली नाही. शिकायला जाणाऱ्या त्या सहा मुलींपैकी एक, जी गाडी गेल्यावर पुढे शिकलीच नाही, केस पिकलेली, पुढेच उभी होती. तिने आजीकडे पाहिलं आणि मान दुसरीकडे वळवली. आजीची सून पदराने तोंड झाकून खाली बघत होती.

आजीने कात्री मास्तरपुढे धरली. त्याने ती घेतली, फीत कापली, आणि कुणाची वाट न बघता चालू लागला. आजी त्याच्या मागे निघाली. गुडघे पहिल्या बाकापाशीच बोलायला लागले. तिने त्यांना गप्प केलं. तीन मैल होते, आणि पलीकडे भाकरी झाकून वाट बघणारं कुणी उरलं नव्हतं.

मास्तर वीस पावलं पुढे होता. तो थांबला नाही, आणि तिने हाकही मारली नाही.