तेवीस टोले

शनिवारी सकाळी साडेसहाला शांतवनने बाभुळगाव रस्त्यावरची आपली टपरी उघडली, जमिनीवर पोते अंथरले आणि आदल्या दिवशी दुरुस्तीला आलेले फवारणी पंप ओळीने मांडले. पहिल्याची टाकी त्याने साबणाच्या पाण्याने तीनदा धुतली. दुसऱ्याचा तुटलेला पट्टा सुतळीने शिवला. तिसऱ्याचे नोझल तुंबले होते. ते काढून त्याने सवयीने ओठांशी नेले आणि हात तिथेच थांबला. मग डब्यातून बारीक तार शोधून त्याने ती छिद्रात घातली.

तीस वर्षे तो नोझल तोंडाने फुंकत आला होता. तारेने छिद्र मोठे होते, फवारा बिघडतो, असे तो गिऱ्हाइकांना सांगत असे. आपल्या मुलालाही, अमोसलाही, त्याने तेच शिकवले होते. यंदा कपाशी माणसाच्या डोक्यावर गेली होती आणि अळी मरत नव्हती, म्हणून शेतमालक दोन-तीन औषधे एकत्र कालवू लागले होते. अमोस रोजाने फवारणीला जाई. सप्टेंबरअखेरच्या एका दुपारी त्याचे नोझल पाच-सहा वेळा तुंबले आणि पाच-सहा वेळा त्याने ते फुंकले. संध्याकाळी त्याला समोरचे दिसेनासे झाले. तिसऱ्या दिवशी तो गेला. वय तेवीस.

दवाखान्याच्या कागदावर ‘विषामुळे मृत्यू’ एवढेच लिहिले होते. गावातल्या छोट्या ख्रिस्ती मंडळीत कोणी वारले, की त्याच्या वयाइतके टोले चर्चच्या घंटेवर देण्याची रीत होती. अठरा वर्षे ते काम शांतवनच करत असे. अमोससाठी मात्र चर्चच्या पंचांनी घंटा नाकारली. विष फवारताना अंगात गेले की त्याने ते मुद्दाम पोटात घेतले, हे कोणी पाहिले, असे एक पंच म्हणाला आणि बाकीचे गप्प बसले. आत्महत्या करणाऱ्याला टोले देत नसत. मातीच्या दिवशी शांतवन घंटेचा दोर बघत उभा राहिला. त्यानंतर तो चर्चची पायरी चढला नव्हता.

“उद्या तुमचा सुगीचा सन हाये ना?” शेजारचा वेल्डर रहेमान चहाचे दोन पेले घेऊन आला. “पाळकसाहेब इकडंच येऊन राह्यले बघ. पळतं का आता?”

“मी कायले पळू? पळाले ते.”

चर्चच्या पाळकांनी स्कूटर लावली, रुमालाने चष्मा पुसला. “सलाम, शांतवनभाऊ. उद्या घंटा तुम्हीच वाजवा. एका पंचांचा पुतण्या वाजवतो, पण ती बैलाच्या गळ्यातली वाटते.”

“माह्या पोराच्या टायमाले कुठं गेलती तुमची घंटा?”

“पंचांचा निर्णय होता. मी एकटा काय करणार? आपण देवाची इच्छा समजून...”

शांतवन उठला. चौथ्या पंपाचे न धुतलेले नोझल त्याने खटकन काढले आणि पाळकांच्या तोंडासमोर धरले.

“हे फुंका.”

“काय?”

“फुंका म्हनतो ना! देवाच्या इच्छेबिगर काही होत नाही तं भेता कायले?”

पाळक मागे सरले. त्यांचा हात आपोआप तोंडावर गेला.

“असं गेलं जहर माह्या अमोसच्या पोटात. प्याला नाही तो. मीच शिकवलं त्याले फुंकाले. शिव्या द्याच्या असंल तं मले द्या. जो त्याले पापी म्हनते, त्याले इथं आना, त्याच्याकडून फुंकवून घेतो मी!”

“मी पंचांशी बोलतो,” पाळक हलक्या आवाजात म्हणाले.

“सहा हप्ते झाले, साहेब. थडग्यावर गवत आलं.”

स्कूटर दिसेनाशी झाल्यावर रहेमानने निवलेला चहा पुढे सरकवला. “सोडून दे भाऊ असलं चर्च. घरीच बसून माग ना काय दुवा मागाची ते.”

“दुवा? मी शिव्या देतो वरच्याले. सकाळी उठलो का पयले त्यालेच.”

“या खुदा! मंग मानतं कायले?”

शांतवनने तार पुन्हा छिद्रात घातली. बराच वेळ तो ती फिरवत राहिला.

“मातीनंतर दोन दिवस वाटलं, वर कोनीच नाही. राग तं तेवढाच होता, पन शिवी द्याले कोनी नव्हतं. ते दोन दिवस लय वाईट गेले, रहेमान.”

नोझलमधून कचऱ्याचा काळा कण बाहेर पडला.

रविवारी साडेआठला शांतवनची बायको सलोमी पातळ बदलून दारात आली, तेव्हा तो धुतलेला सदरा घालून तयार होता. चर्चच्या अंगणात लोक तुरीच्या शेंगा, कोहळे, कापसाच्या टोपल्या घेऊन जमत होते. पंचांच्या पुतण्याने दोर हाती घेतला होता. शांतवनने तो त्याच्याकडून काढून घेतला.

पहिला टोला पडला. त्याने मनात दहापर्यंत मोजले आणि दुसरा दिला. तिसऱ्याला अंगणातले बोलणे थांबले. ही सणाची घंटा नव्हे, हे सर्वांना कळले होते.

“शांतवन! आज सन हाये!” एक पंच धावत आला. “पाळकसाहेब, आवरा त्याले!”

पाळक दारात आले. त्यांनी शांतवनकडे पाहिले, पंचाकडे पाहिले आणि दाराच्या चौकटीला हात टेकून उभे राहिले. सातव्या टोल्यापासून त्यांचे ओठ हलू लागले. ते मोजत होते. सलोमीने डोक्यावर पदर घेतला. टोपल्या घेतलेल्या बाया टोपल्या खाली न ठेवता तशाच उभ्या राहिल्या.

एकविसाव्याला शांतवनचे खांदे भरून आले. बाविसावा. तेविसावा.

नाद पूर्ण विरेपर्यंत तो थांबला. तळहात सदऱ्याला पुसून त्याने दोर पुन्हा धरला आणि उपासनेची नेहमीची घंटा वाजवायला सुरुवात केली.