दर पस्तीस कोटींमागे एक

"जगात एकूण दोनशे चौदा," शिवदास साहेबांनी कागद डोळ्यांपासून लांब धरून वाचलं. "आणि भारतात चार. म्हणजे दर पस्तीस कोटी भारतीयांमागे एक झावोर्निक."

त्यांतला एक झावोर्निक त्यांच्यासमोर बनियन आणि पट्ट्यापट्ट्यांच्या लेंग्यात बसला होता. नाव भाऊराव, वय चौऱ्याहत्तर, मुलुंडच्या एका कारखान्यातून रिटायर झालेला फिटर.

"चार नाही, पाच," भाऊराव म्हणाले. "मी, ही सोनूबाई, मुलगा अनिरुद्ध, सून दर्शना आणि ही नात श्रुतिका."

"इथं चारच लिहिलेत."

"सुनेला मोजायचं इसरले आसतील," सोनूबाई ओट्याजवळून म्हणाल्या. "सगळीकडं तसंच."

शिवदास साहेब जात पडताळणीच्या दक्षता पथकातून आले होते. दारातच त्यांनी सांगून टाकलं होतं, मला शिवदास साहेबच म्हणा, सगळे तसंच म्हणतात. काम एवढंच की श्रुतिका ही खरोखर नवबौद्ध आहे का, हे घरी येऊन बघायचं. श्रुतिकाला सरकारी कॉलेजात फिजिओथेरपीला सीट लागली होती. सोमवारी संध्याकाळी पाचपर्यंत पडताळणीचं प्रमाणपत्र, म्हणजे व्हॅलिडिटी, जमा केली तर सीट तिची, नाहीतर यादीतल्या पुढच्या मुलीची. आज शुक्रवार.

भिंतीवर बाबासाहेब होते, बुद्ध होते, खाली टेबलावर निळ्या पुठ्ठ्याची फाईल होती. साहेबांनी भिंतीकडे बघितलं, फाईलकडे बघितलं, आणि दोन्हींपेक्षा हातातल्या कागदावर जास्त विश्वास ठेवला. तो कागद त्यांनी स्वतः इंटरनेटवरून काढला होता.

"आडनाव स्लाव्हिक आहे," ते म्हणाले. "स्लाव्हिक म्हणजे तिकडचं, पूर्व युरोपातलं. दुर्मीळ. आता मला सांगा, पूर्व युरोपात अनुसूचित जाती आहेत का?"

"मला काय माहीत? मी ठाणे-जालन्याच्या पलीकडं कधी गेलो नाही."

"थट्टा नको, आजोबा."

"थट्टा तुम्ही करताय, साहेब. माझं आडनाव हिवराळे. शाळेच्या दाखल्यावर आहे, जातीसकट आहे. पंच्याहत्तर साली बदललं, गॅझेट जोडलंय."

"बघितलं. पण लोक बदलून काय घेतात? गावाचं नाव घेतात, आजोबांचं नाव घेतात. झावोर्निक कोण घेतं?"

प्रश्न चुकीचा नव्हता. उत्तर लांबचं होतं, तरी भाऊरावांनी ते दिलं.

भाऊराव जालन्याकडच्या एका खेड्यातून कारखान्यात हेल्पर म्हणून लागले तेव्हा बावीस वर्षांचे होते. कॅन्टीनमध्ये पहिल्याच दिवशी एकानं विचारलं, नाव काय? भाऊराव. पुढे? हिवराळे. म्हणजे कुठले? जालन्याकडचे. अच्छा अच्छा, म्हणजे... त्या 'म्हणजे'च्या पुढचं वाक्य कधी कुणी पुरं केलं नाही. फक्त विचारणाऱ्याचं ताट चार बोटं पलीकडे सरकायचं. दर नव्या माणसाबरोबर हेच, ताट तेवढंच सरकायचं, जणू कुणी आधी पट्टीनं आखून ठेवलं होतं.

मग चेकोस्लोव्हाकियातून मोठं लेथ मशीन आलं आणि ते बसवायला कारेल झावोर्निक नावाचा इंजिनियर आला. आणि भाऊरावांनी एक चमत्कार पाहिला. फोरमनपासून मॅनेजरपर्यंत सगळे ते आडनाव ऐकायचे, मान हलवायचे आणि गप्प बसायचे. 'म्हणजे कुठले?' हा प्रश्न कुणाच्या तोंडून फुटेना. ताट सरकायचं, पण झावोर्निकच्या दिशेनं.

सहा महिने भाऊरावांनी हे बघितलं. इंजिनियर परत निघाला त्या दिवशी ते त्याच्यापुढे जाऊन उभे राहिले आणि मोडक्या इंग्रजीत म्हणाले, साहेब, तुमचं आडनाव मला द्या. त्याला वाटलं, ह्याला पत्ता पाहिजे. त्यानं खिशातून व्हिजिटिंग कार्ड काढून दिलं. भाऊरावांनी ते गॅझेटच्या फॉर्मला टाचणीनं लावून पाठवलं. मंजूर झालं. सरकारात कुणाला वाचता आलं नसावं, आणि वाचता येत नाही असं म्हणायची कुणाची तयारी नसावी.

त्यानंतर जे झालं त्याला सुख म्हणायचं की तमाशा, हे भाऊरावांना आजवर ठरवता आलेलं नाही. विलेपार्ल्याच्या एका घरमालकानं त्यांना पारशी समजून खोली दिली आणि पहिल्या वर्षी पतेतीच्या शुभेच्छा दिल्या. दुसऱ्या वर्षी चौदा एप्रिलला खिडकीत निळा झेंडा दिसला, तेव्हा खोलीचं प्लॅस्टर अचानक धोकादायक झालं. अनिरुद्धला शाळेत दर नाताळला सांताक्लॉज केलं. वर्गातला सगळ्यात हडकुळा, सगळ्यात सावळा सांताक्लॉज, पोटाला दोन उश्या बांधलेला. एकदा पोलीस व्हेरिफिकेशनला हवालदार आला आणि व्हिसा कुठाय म्हणून बसून राहिला. पण एक खरं. पन्नास वर्षांत 'अच्छा अच्छा, म्हणजे' कुणी म्हणालं नाही.

आता शिवदास साहेब म्हणत होते.

"म्हणजे हा इंजिनियर तुमच्या घरी वगैरे यायचा?"

"एकदा आलता," सोनूबाई बाहेर येऊन म्हणाल्या. "ठेचा अन् भाकर खाल्ली. तीन दिवस कामावर नाही गेला."

साहेबांनी लिहून घेतलं. मग पेनाचं टोक दातांत धरून श्रुतिकाकडे बघितलं, जरा जास्तच वेळ.

"मुलीचे डोळे घारे आहेत."

परत ओट्याकडे निघालेल्या सोनूबाई जागीच वळल्या.

"मग?" भाऊराव म्हणाले.

"नाही, नोंद करावी लागते. आडनाव स्लाव्हिक, डोळे घारे, तो माणूस घरी येत होता... तुम्ही त्या वेळी दिवसपाळीला असायचात की रात्रपाळीला?"

भाऊराव उभे राहिले. चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाला उठताना गुडघ्यावर हात ठेवावा लागतो, तो त्यांनी ठेवला नाही. श्रुतिका मध्ये आली. "आजोबा, प्लीज. सोमवार आहे यार."

पण बोलल्या सोनूबाई.

"लिव्हा," त्या म्हणाल्या. "माज्या आईचे डोळे मांजरावानी व्हते. अख्खं गाव तिला घारी म्हनायचं. माज्या भावाचे तसेच, भाच्याचे तसेच. चला गावाला, दावते. आन् अजून एक लिव्हा. तुमच्या आईला जाऊन इचारा, तुमचा बाप दिवसपाळीला व्हता का रातपाळीला. ती काय म्हनती ते बी ह्याच कागदावर लिव्हा."

साहेबांच्या पेनाचं टोपण खाली पडलं आणि सोफ्याखाली गेलं. कुणीही वाकलं नाही.

"हे ऑफिशियल काम आहे, बाई. मी पर्सनल काही..."

"तुमचं आडनाव काय?" भाऊरावांनी विचारलं.

"त्याचा इथं काय संबंध?"

"नाही, नुसतं विचारतो. शिवदास. पुढे?"

साहेबांनी फाईल बंद केली. "शेरा मारतो. प्रकरण समितीकडे. दीड-दोन महिने लागतील."

श्रुतिकाचा चेहरा उतरला. ती सकाळपासून नवा ड्रेस घालून बसली होती, गुणपत्रिका, आधार, रेशनकार्ड, सगळं नंबरानं लावून. तिनं फोन काढला. रडायचं नसेल तर आजकालची मुलं फोन काढतात. साहेबांच्या कागदावर वर छापलेली साईट तिनं उघडली आणि खाली सरकवत गेली.

"सर, तुम्ही एकच पान काढलंत."

"ऑफिसच्या प्रिंटरची शाई संपली."

"दुसऱ्या पानावर आडनाव कुठून आलं ते आहे. थांबा, मराठीत सांगते." ती अडखळत वाचायला लागली. "झावोरा म्हणजे रस्त्यावरचा आडवा दांडा. फाटकाचा. ज्या घराण्याकडे गावाच्या वेशीवर बसायचं काम होतं, दांडा वर-खाली करायचा, रात्री वेस बंद करायची, कोण आलं कोण गेलं त्याची खबर द्यायची, ते झावोर्निक. त्यांनी गावात राहायचं नाही, वेशीबाहेरच राहायचं. पगार नाही. वर्षाकाठी गावकरी धान्य द्यायचे."

तिनं वर बघितलं. भाऊराव सोफ्याच्या काठावर परत टेकले होते.

"परत वाच."

तिनं परत वाचलं.

"वेसकर," भाऊराव म्हणाले. मग हसायला लागले, पण ते हसणं ऐकवत नव्हतं. "आयला. सोनू, ऐकलं का? माझा आजा वेसकर. बापानं वेसकरीची काठी विहिरीत टाकून ते काम सोडलं. मी समुद्रापलीकडून नाव आणलं. अन् आणलं कुणाचं? वेसकराचं! दोनशे चौदा वेसकर! अख्ख्या जगात दुसरं कुणी भेटलं नाही मला!"

"आन् ऱ्हायलो कुटं, तर मुलुंड चेकनाक्यावर," सोनूबाई म्हणाल्या.

शिवदास साहेब मात्र एकदम ताठ बसले. त्यांचा चेहरा उजळला होता. त्यांनी फाईल पुन्हा उघडली.

"हे मघाशी का नाही सांगितलंत? रकाना नंबर नऊ, कुटुंबाचा पारंपरिक व्यवसाय. आडनावावरून वेसकर निघतो. जुळलं की! मुली, ते पान मला व्हॉट्सअॅप कर. लगेच."

"साहेब," भाऊराव म्हणाले, आणि आता ते हसत नव्हते. "माझ्या आजाच्या वेसकरीचा सरकारी उतारा ह्याच फाईलीत आहे. तहसीलचा शिक्का आहे. ह्या पोरीनं पाच हेलपाटे घालून आणला. दोन महिने झाले."

"तो मोडी लिपीत आहे हो. कोण वाचणार?"

"अन् हे चालतं?"

"हे छापील आहे."

भाऊरावांनी फाईलीतला तो उतारा काढून पुढे सरकवला. "म्हणजे माझ्या आजानं रात्र-रात्र वेशीवर थंडीत काढली त्याला पुरावा नाही. अन् तिकडचा कुणी गोरा वेशीवर बसला, तो माझ्या जातीचा साक्षीदार?"

"आजोबा, तुम्हाला सर्टिफिकेट पाहिजे की भांडण?" साहेबांनी विचारलं.

श्रुतिकानं आजोबांकडे बघितलं नाही. ती कागद परत नंबरानं लावत होती. एकाखाली एक, कडा जुळवून. भाऊराव तिचे हात बघत राहिले. मग हात पुढे करून म्हणाले, "आणा, सही करतो."

जबाबावर रकाना नऊमध्ये साहेबांनी 'वेसकर' लिहिलं होतं. भाऊरावांनी त्यांच्याच पेनानं त्याच्यापुढे लिहिलं, 'आजोबा. मी फिटर.'

"अहो, एकच लिहायचंय तिथं."

"तुम्हाला एकच लिहायचंय. मला दोन आहेत." आणि त्यांनी खाली सही केली, 'भाऊराव झावोर्निक'. सही चौकटीत मावली नाही. शेवटचा 'निक' शेजारच्या 'अधिकाऱ्याचा अभिप्राय' ह्या जागेत गेला.

"सोमवारी बारा वाजता येऊन घेऊन जा," साहेब म्हणाले, आणि टोपणाशिवायचं पेन खिशाला लावून गेले.

श्रुतिकानं दार लावलं. आनंदाच्या बातमीनंतर घरात जसा गलका होतो तसा झाला नाही. सोनूबाईंनी कपबश्या उचलल्या. भाऊराव हाताची घडी घालून भिंतीकडे बघत बसले.

"आजोबा," थोड्या वेळानं श्रुतिका म्हणाली. "पानाच्या शेवटी लिहिलंय, तुम्ही झावोर्निक आहात का? तुमच्या घराण्याची हकीकत आम्हाला कळवा."

"कोण विचारतं?"

"तिकडचेच. दोनशे चौदापैकी कुणीतरी."

भाऊराव खुर्ची ओढून तिच्याशेजारी बसले. "लिही."

"आधी नातं विचारतायत. रक्ताचं, लग्नाचं की दत्तक. एकावर टिक करायचंय."

"चौथं नाही?"

"नाही."

"तिकडंही रकानेच." ते स्क्रीनवर वाकले. "दत्तक दाब. पण खाली लिही, आम्ही त्यांना दत्तक घेतलंय."

तिला हसू आलं. तिनं लिहिलं.

"लिही, इकडं पाच आहोत. चार नाही. लिही, मी फिटर, मुलगा फिटर, नात डॉक्टर होणार."

"फिजिओथेरपिस्ट."

"डॉक्टरच लिही. लिही, आमचे आजोबा पण वेशीवर बसायचे. पगार नव्हता. धान्य मिळायचं, तेही खळ्यावर उरलेलं." मग त्यांचा आवाज खाली आला. "आणि त्यांना विचार. तुम्हाला तहान लागली तर गावातले पाणी कसं द्यायचे? वरून ओतायचे का?"

श्रुतिकानं टाईप करता करता हात थांबवला. "हे इंग्लिशमध्ये त्यांना कळणार नाही, आजोबा. वरून म्हणजे? किती वरून?"

भाऊरावांनी दोन्ही हातांची ओंजळ करून हनुवटीशी धरली. मग एक हात सोडवला आणि डोक्याच्याही वर नेला, पंख्याच्या दिशेनं, जेवढा जाईल तेवढा.

"एवढ्या वरून," ते म्हणाले, आणि तिचं लिहून होईपर्यंत त्यांनी तो हात खाली घेतला नाही.