पडायची शिकवणी

माझी धाकटी बहीण ॲनलोर सायकलच्या शर्यतीत उतरते. आमच्या बेल्जियमच्या फ्लँडर्समध्ये, जिथे गावोगावी शर्यती होतात, यात काही नवल नाही. सप्टेंबरात एका उतारावर तिच्या पुढच्या दोघींची चाकं एकमेकांना घासली आणि पाठोपाठ पंधरा-वीस जणी कोसळल्या. ॲनलोर त्या ढिगाच्या तळाशी होती. खांद्याचं हाड आणि दोन फासळ्या मोडल्या. नोव्हेंबरापर्यंत हाडं जुळली आणि तिने गॅरेजमध्ये ट्रेनर मांडला. सायकलचं मागचं चाक काढायचं, त्या यंत्रात सायकल पक्की बसवायची आणि जागच्या जागी पेडल मारत राहायचं. समोरच्या पडद्यावर रस्ता पळत असतो. जोडीला वजनं उचलणं, पोटाचे व्यायाम, सगळं वेळेवर. तिच्या वेगाचे आणि ताकदीचे आकडे संघाच्या प्रशिक्षकाला, यॉरिसला, रोज घरबसल्या दिसायचे. "ग्रीट, तुझ्या बहिणीच्या पायांत घोडा शिरलाय," असं तो मला फोनवर म्हणाला.

मीही खूश होते. जानेवारीत एका दुपारी धुतलेले टॉवेल ठेवायला मी गॅरेजमध्ये गेले. ॲनलोर माझ्याकडे पाठ करून सायकलवर होती. पडद्यावर उतार लागला होता आणि तिने दोन्ही ब्रेक आवळून धरले होते. ट्रेनरवर ब्रेक काय कामाचे? तरी तिची बोटं पांढरीफटक पडली होती आणि घशातून कुत्र्याच्या पिल्लासारखा बारीक आवाज येत होता.

"ॲनलोर?"

ती केवढी दचकली! "दार वाजवून येत जा ना!"

"बाहेर शेवटची कधी गेली होतीस?"

"थंडी आहे."

"काल चांगलं ऊन होतं. समोरचे ओमेर आजोबा गुडघे कुरकुरत असतानासुद्धा सायकलवरून पार गेरार्ड्सबर्गन गावापर्यंत जाऊन आले."

ती टॉवेलात तोंड खुपसून बसली. त्यातूनच म्हणाली, "एकदाही नाही गेले. दोनदा फाटकापर्यंत गेले आणि उलटी झाली. मला तो आवाज ऐकू येतो, ग्रीट. सायकली मोडल्याचा. वाळकी फांदी मोडावी तसा. यॉरिसला सांगू नकोस."

मोसमातली पहिली शर्यत सहा आठवड्यांवर होती. आता मलाही भीती वाटायला लागली. अशा अवस्थेत ही पन्नास जणींच्या घोळक्यात शिरली, तर स्वतः पडेल आणि दुसऱ्यांनाही पाडेल.

मला आठवल्या गोडलीव्ह बाई. शाळेत आम्हा दोघींना कसरत शिकवायच्या. आता अडुसष्टाव्या वर्षी लहान मुलांना जुडो शिकवतात, आणि जुडोत सगळ्यांत आधी न लागता पडायला शिकवतात. मी ॲनलोरला जवळजवळ ओढतच तिथे नेलं. गाद्यांवर सहा-सात वर्षांची मुलं धडाधड पडत होती आणि खिदळत होती. ॲनलोर भिंतीला चिकटून उभी राहिली.

"पडायला शिकायचंय म्हणे," बाई म्हणाल्या. "बस खाली. बसल्या जागेवरून पडलीस तर मरणार नाहीस ना?"

"नाही, बाई."

"मग पड. हनुवटी छातीशी. हात पुढे टेकायचा नाही, तसाच खांदा मोडतो. गोल हो आणि लोळ."

ॲनलोरला ते जमेना. दर वेळी हात पुढे जायचा. एक दात पडलेली मुलगी येऊन म्हणाली, "तू एवढी मोठी आहेस आणि घाबरतेस?" ॲनलोर तिला म्हणाली, "हो. खूप." मुलीने खांदे उडवले आणि तिच्या शेजारी लोळून दाखवलं.

आठवड्यातून तीनदा आम्ही जायचो. बसून झालं, गुडघ्यांवरून झालं, मग उभ्याने. एक दिवस बाईंनी विचारलं, "आता सांगून ढकलू की न सांगता?" "न सांगता," ॲनलोर म्हणाली. बाईंनी ढकललं. ती गोल झाली, लोळली, उठली आणि तिथेच बसून रडली.

गॅरेजमध्ये आता ट्रेनरच्या जागी रोलर आले. हे तीन फिरते दंडगोल असतात; सायकल त्यांवर नुसती उभी असते, कशालाच बांधलेली नसते. तोल गेला की माणूस बाजूला. ती दाराच्या चौकटीत रोलर ठेवायची, म्हणजे खांदा टेकता येईल. मी स्वयंपाकघरात कांदा चिरत असायचे आणि धप्प आवाज झाला की सुरी टाकून धावायचे. "काही नाही झालं!" ती आतून ओरडायची.

फेब्रुवारीत एका रविवारी ती रस्त्यावर निघाली. मी गाडी घेऊन मागे. चढ नीट गेले. उतारावर ती चालत्या माणसाच्या वेगाने येत होती. वळणावर ट्रॅक्टरने चिखल सांडला होता, तिचं मागचं चाक सटकलं आणि ती दिसेनाशी झाली.

मी गाडी तशीच सोडून पळाले. ती चरात डोळे मिटून पडली होती.

"हात लावू नकोस," ती म्हणाली. एकेक करून तिने बोटं हलवली, मग मान, मग खांदा. "सगळं आहे." ओठ निळे पडले होते.

"गाडीत बस. ताबडतोब."

"चार किलोमीटर राहिलेत. आज गाडीत बसले ना, तर उद्या पुन्हा गॅरेजमध्येच बसेन."

ती सायकलवर चढली. दोनदा पाय पेडलवरून निसटला. चार किलोमीटरला अर्धा तास लागला.

घरी आल्यावर तिने स्वतःच यॉरिसला फोन लावला, स्पीकरवर. "मला घोळक्यात भीती वाटते. रस्त्यावर येईन, पण दुसऱ्यांच्या चाकांमध्ये नाही." तो म्हणाला, "हे मला नोव्हेंबरात सांगायचं, बये. चल, घड्याळाविरुद्धच्या शर्यती कर. तिथे तू एकटीच असतेस."

मेमध्ये तिची तशी पहिली शर्यत झाली; यात एकेकीला वेगळं सोडतात आणि जिला कमी वेळ लागतो ती जिंकते. जिथून सायकल सोडतात त्या उतरत्या फळीवर चढायच्या आधी ती मंडपामागे जाऊन ओकली. सदतीस जणींत अकरावी आली. उतारावर तिने ब्रेक लावले, असं तिने मला नंतर सांगितलं, आणि पुढच्या शर्यतीतही लावणार आहे म्हणाली.