नाक वर केलेली गाडी

डस्टिन नव्वद दिवस व्यसनमुक्ती केंद्रात काढून घरी आला, त्याच आठवड्यात वेंडल क्रॅबट्रीने एका शेतकऱ्याच्या कोठारातून पंचावन्न सालच्या शेवरलेचा सांगाडा उचलून आणला. दोन दारांची गाडी. इंजिन नाही, काचा नाहीत, मागच्या सीटवर कोंबड्यांनी संसार थाटलेला. ट्रेलरवरून ती गॅरेजात ढकलताना वेंडलची बायको नोरीन स्वयंपाकघराच्या दारात हात पुसत उभी होती.

"हे काय धूड आणलंस?"

"गॅसर बनवणार आहोत. मी आणि डस्टिन."

"त्याला विचारलंस?"

"आता विचारतो."

वेंडल बारा वर्षांचा असताना त्याचा मामा त्याला ओहायो नदीपलीकडच्या शर्यतीच्या पट्टीवर न्यायचा. पाव मैलाची सरळ पट्टी, आणि तिच्यावर पळणाऱ्या त्या गाड्या. पंपावरच्या साध्या पेट्रोलवर चालायच्या म्हणून त्यांना गॅसर म्हणत. पुढचा भाग असा उचललेला की गाडीने नाक वर केलंय असं वाटावं. सुटताना सगळा भार मागच्या रुंद चाकांवर पडावा, यासाठी ती युक्ती. तशी एक गाडी आपली असावी हे वेंडलच्या मनात पन्नास वर्षं होतं. पण कारखान्यात प्रेस चालवण्यात आयुष्य गेलं, आणि मग तो कारखानाच गेला.

डस्टिन चौतीस वर्षांचा, पाइपलाइनवरचा वेल्डर. परांचीवरून पडला, पाठीचा मणका दुखावला, डॉक्टरने दुखणं थांबवायला गोळ्या दिल्या, त्यांची चटक लागली. गोळ्या बंद झाल्या तेव्हा सुई सुरू झाली. त्या गावात अशी गोष्ट प्रत्येक गल्लीत एक तरी होती, त्यामुळे कोणी फार विचारत नसे.

पहिले तीन-चार महिने चांगले गेले. बाप-लेक नाश्ता करून गॅरेजात शिरत, ते दुपारी नोरीनने घेवडा आणि मक्याचा पाव मांडून चार हाका मारल्यावरच बाहेर येत. गाडीच्या पुढच्या स्प्रिंगा आणि सांधे कापून त्यांनी एका जुन्या व्हॅनचा सरळ एक्सल स्प्रिंगच्या पाट्यांवर बसवला. वेंडलने हौसेने दोन टाके स्वतः मारले. डस्टिन वाकून बघत म्हणाला, "बाबा, हे वेल्डिंग आहे की कबुतराची शीट?"

"प्रेसवाला माणूस आहे मी. शीट तर शीट. धरून राहिली म्हणजे झालं."

"धरून नाही राहणार. सरक."

त्याने ते टाके घासून काढले आणि नव्याने मारले. हात जराही हलत नव्हता. वेंडल बाजूला उभा राहून बघत होता. वेल्डिंगची काच तोंडावर घेतलेला डस्टिन वाकला की त्याच्या दंडावरचे व्रण दिसत. वेंडल तिकडे बघणं टाळायचा.

एक गोष्ट मात्र काही केल्या जमेना. पुढून जॅक लावून गाडी उचलली की चाकं आपोआप डावीकडे वळायची. अशी गाडी रस्त्यावर खड्ड्यात गेली तर थेट गटारात जायची. स्टिअरिंगचा दांडा त्यांनी चारदा काढला, चारदा बसवला.

"विचार करतो," डस्टिन म्हणाला. "सुचेल."

मार्चमध्ये एका सकाळी नोरीनला तो न्हाणीघराच्या फरशीवर सापडला. ओठ निळे. अशाच वेळेसाठी कपाटात जपून ठेवलेला उताऱ्याच्या औषधाचा फवारा तिने त्याच्या नाकात मारला, एकदा, पुन्हा एकदा. तो खोकत उठून बसला आणि म्हणाला, "सॉरी, आई." नोरीन टबाच्या काठावर टेकली. मग म्हणाली, "या घरात मी तुला पुन्हा जमिनीवर बघणार नाही. ऊठ आणि जा."

तो गेला. वेंडलने तिला थांबवलं नाही. त्यालाही तसंच वाटत होतं.

ईस्टरनंतरच्या रविवारी दोघं चर्चमधून परत आले तर गॅरेजचं कुलूप तोडलेलं. इंजिनात ठिणगी पाडणारा नवा मॅग्नेटो नाहीसा झाला होता. बाकी कशाला हात लागला नव्हता. दुसऱ्या कोणा चोराने ड्रिल मशीन नेलं असतं, ग्राइंडर नेला असता. कपाटात कापडात गुंडाळलेला मॅग्नेटो कुठे आहे हे ज्याला ठाऊक, त्यानेच तो विकायला नेला होता.

"नवीन कुलूप घाल," नोरीन म्हणाली.

वेंडलने कुलूप आणलं, कडीत अडकवलं, पण दाबून बंद केलं नाही. पुढच्या आठवड्यात त्याने दुसरा मॅग्नेटो आणला. तोही गेला. मग एक कार्बोरेटर गेला. दर वेळी दहा ते बाराच्या मध्ये, ते दोघं चर्चच्या बाकावर असताना. वेंडल गाणी म्हणत असे, पण चित्त गॅरेजात असे. परत आल्यावर तो आधी तिकडे जाई, आणि वस्तू नाही असं दिसलं की त्याच्या छातीवरचं ओझं उतरे. म्हणजे पोरगं या आठवड्यात तरी हिंडतंफिरतं आहे.

त्याला धरून समोर का बसवत नाही, असं कोणीही विचारलं असतं. वेंडलने ते करून पाहिलं होतं. एकदा पेट्रोल पंपामागे तो दिसला, तेव्हा वेंडल गाडी तशीच सोडून धावला होता. डस्टिनने तोंडावर हात धरला. "बाबा, माझ्याकडे बघू नकोस," एवढंच म्हणाला आणि कुंपणावरून पलीकडे गेला. त्यानंतर तीन रविवार तो गॅरेजकडे फिरकला नव्हता.

जूनमध्ये एकदा वेंडलने पोटदुखीचं निमित्त केलं आणि नोरीनला एकटीला चर्चला पाठवलं. आपली पिकअप शेजाऱ्याच्या कोठाराआड लावून तो तिच्यातच बसून राहिला. साडेदहाला डस्टिन आला. लंगडत होता. उन्हाळ्यात लांब बाह्यांचा शर्ट, आणि तो अंगावर असा लोंबत होता की जणू खुंटीला टांगलाय. आत गेला तो लवकर बाहेर येईना. पाऊण तास झाला. वेंडलच्या मनात नको नको ते येऊ लागलं. तो दार उघडून उतरणार, इतक्यात गॅरेजातून ग्राइंडरचा आवाज आला, आणि मागोमाग वेल्डिंगची निळी चमक दाराच्या फटीतून दिसली. वेंडल पिकअपमध्ये बसून स्टिअरिंगवर कपाळ टेकवून रडला.

डस्टिन काखेत डिस्ट्रिब्युटर मारून निघून गेला तेव्हा वेंडल आत शिरला. पोराने स्टिअरिंगचा दांडा धरणारी पुढची पट्टी कापून तीन इंच खाली जोडली होती. दांडा आता पाट्यांना अगदी समांतर. वेंडलने जॅक लावून गाडी उचलली, सोडली, उचलली. चाकं सरळच्या सरळ.

त्या आठवड्यात त्याने कागदावर लिहून ठेवलं, "सुंदर झालंय. आता ब्रेकच्या नळ्या बघशील?" कागदावर वजन म्हणून कार्बोरेटर ठेवला. रविवारी कागद होता तसाच होता. कार्बोरेटर गेला होता. नळ्यांना हात लागला नव्हता. पुढच्या रविवारीही नाही. जुलै गेला, ऑगस्ट गेला, ग्राइंडर पुन्हा चालला नाही.

सप्टेंबरमध्ये नोरीन गॅरेजात आली. ती सहसा तिथे येत नसे. कामाच्या बाकावरचा, इंजिनाला पेट्रोल पुरवणारा नवा पंप तिने हातात घेतला, फिरवून पाहिला.

"हा कितवा?"

वेंडलने तो तिच्या हातातून घेऊन परत बाकावर ठेवला.

"तू गाडी बनवत नाहीयेस, वेंडल. गळ टाकून बसलायस. आणि आमिष त्याच्या शिरेत जातंय."

"इथे मिळालं नाही तर तो दुसरीकडे चोरेल. कोणीतरी गोळी घालेल त्याला."

"नाहीतर कोणीतरी पकडेल. तुरुंगात निदान जिवंत राहील. मला तो तिथे चालेल, काचेपलीकडे." तिने बाकावरच्या पंपाकडे बोट केलं. "तुला रविवारी बरं वाटावं म्हणून तू त्याला मारतोयस."

ती खरं बोलत होती. दोघांनी मिळून गॅरेज रिकामं केलं. उचलून नेता येईल असं जे काही होतं ते घरात, डस्टिनच्या खोलीत पलंगाखाली भरलं. गॅरेजात उरलं नुसतं गाडीचं धूड, नाक वर करून.

पहिल्या रविवारी बाकावरच्या धुळीत हात फिरवल्याच्या खुणा दिसल्या. दुसऱ्या रविवारी काही नाही. तिसऱ्याही नाही. वेंडल पुलाखाली जाऊन आला, जुन्या मोटेलच्या मागे फिरून आला, चर्चच्या तळघरात सूप वाटतात तिथे विचारून आला. कोणी पाहिलं नव्हतं, किंवा सांगत नव्हतं. चौथ्या शनिवारी नोरीन बहिणीकडे गेली असताना त्याने पलंगाखालून इंजिनाचा ॲल्युमिनियमचा मोठा मॅनिफोल्ड काढला, पुसला, आणि बाकाच्या मधोमध ठेवला.

रविवारी मॅनिफोल्ड गेला होता.

गुरुवारी सकाळी शेरीफच्या कचेरीतला एक जवान आला. टोपी हातात घेऊन तो पायरीखालीच उभा राहिला. "मिस्टर क्रॅबट्री, आत येऊ का?" हा डस्टिनबरोबर शाळेत होता, कितीतरी वेळा या घरी जेवला होता. आज त्याला परवानगी मागावी लागली, तेव्हाच वेंडलला कळलं. महामार्गालगतच्या मोटेलमध्ये, मंगळवारी केव्हातरी. सफाईवालीला सापडला.

दफन झालं. शेजारणींनी डबे आणले, ते डबे धुऊन परत गेले. कार क्लबातले चारजण येऊन म्हणाले, गाडी आम्ही पुरी करून देतो, डस्टिनच्या नावाने पट्टीवर एकदा पळवू. वेंडलने मान हलवून नको म्हटलं. नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या सणाआधी, इंडियानाचा एक माणूस येऊन सगळं विकत घेऊन गेला, पलंगाखालचंसुद्धा. नोरीननेच कागदांवर सह्या केल्या. वेंडल मागच्या अंगणात लाकडं फोडत होता.

तू मारलंस त्याला, हे एक वाक्य ती बोलेल म्हणून तो वाट बघत होता. दफनाच्या दिवशी वाट पाहिली, नाताळला पाहिली. ती बोलली नाही. हवा, गुडघे, बहिणीचा दमा, बाकी सगळं बोलत होती. शेवटी जानेवारीत एका दुपारी ती बटाटे सोलत असताना त्यानेच तोंड उघडलं.

"मॅनिफोल्ड मी ठेवला होता. आपलं ठरलेलं असताना."

सुरी थांबली नाही. "माहितीये."

"कधीपासून?"

"त्याच रविवारी. चर्चमधून आल्यावर तू शीळ घालत होतास."

वेंडल खुर्चीत बसला.

"मग तू बोलली का नाहीस?"

नोरीनने बटाटा पातेल्यात टाकला, दुसरा उचलला, आणि तो तसाच हातात धरून खिडकीबाहेर बघत राहिली. "शीळ ऐकली आणि कळलं, तो आलाय. आहे अजून," ती म्हणाली. "त्या दिवशी मीही पोटभर जेवले रे."

त्यानंतर ती सोलत राहिली. वेंडलने दुसरी सुरी काढली आणि तिच्यासमोर बसला. बटाटे दोघांच्या मानाने फारच जास्त झाले होते, पण कोणी थांबलं नाही.