दिसावं, पण ऐकू येऊ नये

भोंगा सर कुजबुजले की समोरच्या इमारतीतली माणसं 'काय म्हणालात?' असं विचारत नसत, थेट उत्तर देत. एकदा त्यांनी स्वयंपाकघरात बायकोच्या कानाशी लागून विचारलं, "पाहुणे जाणार कधी?" तर बाहेरच्या खोलीतून पाहुणे म्हणाले, "उद्या सकाळी, ऊन व्हायच्या आत." आणि गेलेसुद्धा.

मैदानावर मात्र हा आवाज म्हणजे सोनं होतं. सर लहान मुलींना फुटबॉल शिकवत. त्यांना शिट्टी लागत नसे. चुकून कधी वाजवलीच तर मुलींना वाटे, आज सर दमलेत.

त्या आठवड्यात दोन गोष्टी एकदम झाल्या. पहिली, संघाची गोलकीपर सराव संपल्यावर म्हणाली, "सर, शनिवारनंतर मी येणार नाही."

"का गं?" सरांनी विचारलं. हे 'का गं' ऐकून कुंपणापलीकडचा एक सायकलवाला खाली उतरला. त्याला वाटलं, आपल्यालाच. सगळा संघ वळून बघायला लागला.

"असंच," गोलकीपर म्हणाली आणि गेली.

दुसरी गोष्ट, क्लबने सरांना एका प्रशिक्षणाला धाडलं. विषय होता, खेळात मुलांचा छळ, दादागिरी आणि चिडवाचिडवी कशी रोखायची.

"मी काय पोरींना छळतो?" सर घरी येऊन म्हणाले.

"तसं कोण म्हणतंय? जा, ऐका, आणि मधे बोलू नका," बायको म्हणाली.

"जाच हो," शेजारच्या खिडकीतून आवाज आला, "दुपारचं जेवण असतं तिथे."

सर गेले. एका सभागृहात गोल मांडलेल्या खुर्च्यांवर सगळ्या खेळांचे शिकवणारे बसले होते, आपल्यालाच शाळेत परत पाठवल्यासारखे तोंड करून. शिकवणाऱ्या ताई सरांच्या निम्म्या वयाच्या. पण त्यांनी सांगितलेल्या बऱ्याच गोष्टी सरांना पटल्या आणि काही लागल्या. मुलांच्या अंगापिंडावरून बोलायचं नाही. कपडे बदलायच्या खोलीत मोठ्या माणसाने एकट्याने शिरायचं नाही. एकट्या मुलाला बंद दाराआड बोलवायचं नाही.

"आणि पोराला काही खाजगी सांगायचं असेल तर?" पोहणं शिकवणाऱ्या बाईंनी विचारलं.

"चार लोकांना दिसेल, पण ऐकू येणार नाही, अशा जागी बसा," ताई म्हणाल्या.

सगळ्यांनी भोंगा सरांकडे बघितलं. सकाळपासून त्यांची सगळ्यांशी ओळख झालेली होती. त्यांनी ती एकाशीच करून घेतली होती, पण ऐकली सगळ्यांनी.

ताईंनी दोन खुर्च्या मधोमध ठेवल्या. एकीवर सर. दुसरीवर, मुलाच्या भूमिकेत, बुद्धिबळ शिकवणारे गृहस्थ. "आमच्या खेळात कोणी आवाजच चढवत नाही, मला कशाला बोलावलं?" असं म्हणत ते आले होते. चहाच्या सुट्टीपर्यंत कळलं, की विद्यार्थ्याने चुकीची चाल केली की हे फक्त चष्मा काढतात आणि शांतपणे पुसतात. पोरं रडायला लागतात.

"ज्यांना ऐकू येईल त्यांनी हात वर करा," ताई म्हणाल्या.

सर पुढे वाकले, श्वास आवरून, असेल नसेल तेवढा हळू आवाज काढून म्हणाले, "बाळा, काय झालं?"

सगळे हात वर. दारातून सभागृहाचा रखवालदार डोकावला. त्याचाही हात वर होता.

हशा पिकला. सगळ्यात जास्त सर हसले. ताई हसल्या नाहीत. त्या खुर्चीपाशी उकिडव्या बसल्या. "सर, या खुर्च्यांवर बोलायचं कोणी?"

"कोणी म्हणजे?"

"मुलाने ना? मग तुम्ही कशाला घसा ताणताय?"

मग सर गप्प बसले. बुद्धिबळवालेही गप्प, त्यांचा तो धंदाच. दोघं एकमेकांसमोर मूग गिळून बसले. कोणी जांभई दिली, कोणी पंखा वाढवला. आणि अचानक बुद्धिबळवाल्यांचे ओठ हलले. "माझे वडीलपण चष्मा पुसायचे हो," ते म्हणाले आणि खाली बघायला लागले.

एकही हात वर झाला नाही. तेवढं फक्त सरांना ऐकू आलं होतं. पुढचा सगळा वेळ सर हाताची घडी, तोंडावर बोट ठेवून बसले. निघताना ताईंनी आणखी एक सांगितलं. गुपित ठेवीन, असं वचन मुलाला कधी देऊ नका. पुढे कुणाला सांगणार ते त्यालाच आधी सांगा.

दुसऱ्या दिवशी सरांनी मैदानाच्या मधल्या वर्तुळात प्लॅस्टिकच्या दोन खुर्च्या मांडल्या, बाकीच्या मुलींना कडेकडेने पळायला लावलं आणि गोलकीपरला विचारलं, "बसतेस? नको वाटलं तर नको."

ती बसली. मांडीवर हातमोजे. सर गप्प. पळणाऱ्या मुलींना वाटलं सरांना भोवळ आली. एक जण पाणी ठेवून गेली.

"सर, बरं नाही का?" शेवटी गोलकीपरनेच विचारलं.

सरांनी मान हलवली. बरं आहे.

"मग बोला ना."

"तू बोल," सर तोंडावर हात ठेवून म्हणाले.

तिने कडेला बघितलं. कोणी बघत नव्हतं. "त्या मला चाळणी म्हणतात. सगळं आरपार जातं म्हणून. माझ्या हातमोज्यांत माती भरून ठेवतात. म्हणतात, चाळून दे."

सरांचा चेहरा पडला. तो शब्द त्यांचा होता. एका सामन्यात गोलमागून गोल व्हायला लागले तेव्हा ते ओरडले होते, "अगं, गोलकीपर आहेस का चाळणी?" जिभेला हाड नाही ते असं. अख्खं मैदान हसलं होतं. तीपण. सरांना वाटलं, पोरगी कशी हसून घेते बघा, आणि मग ते लाडाने तिला तशीच हाक मारायला लागले.

"पण तू हसायचीस," सर म्हणाले.

"तुम्हीपण हसता. आम्ही भोंगा म्हणतो तेव्हा." तिने क्षणभर विचार केला. "आवडतं तुम्हाला?"

'त्यात काय' हे उत्तर ओठांवर तयार होतं. ते गिळून सर म्हणाले, "नाही. शाळेत असल्यापासून नाही."

"मग हसता कशाला?"

"सगळे हसतात. आपण नाही हसलो तर एकटे पडतो."

"हो ना!" ती म्हणाली, दवाखान्याच्या बाकावर आपलंच दुखणं असलेलं माणूस भेटावं तशी.

इथून पुढे आपणही त्यांना नुसतं सर म्हणू.

"चाळणी आधी मीच म्हणालो," सर म्हणाले. "चुकलो बाळा." कडेने पळणाऱ्या एकीचीही मान वळली नाही.

"ठीक आहे. पण कुणाला सांगू नका हं."

हो म्हणून टाकणं किती सोपं होतं. सरांनी गुडघे घट्ट धरले. "तसं वचन नाही देता येणार गं. क्लब चालवणाऱ्या बाईंना सांगावं लागेल. तुझ्या आईला सांगावं लागेल."

ती ताडकन उठली आणि पाठ फिरवून चालायला लागली. सरांच्या घशाशी 'थांब!' आलं. ते बाहेर पडतं तर रस्त्यावरच्या गाड्याही थांबल्या असत्या. सरांनी ते आवंढ्यासारखं गिळलं आणि बसून राहिले.

चार पावलांवर तीच थांबली. "तुम्ही आईला सांगितलंत तर अख्ख्या गल्लीला कळेल."

"कळेल," सरांनी कबूल केलं.

"मग मी सांगते. पण तुम्ही शेजारी उभे राहा. गप्प."

संध्याकाळी आई स्कूटरवरून न्यायला आली. पोरीने सांगायला सुरुवात केली तेव्हा आईच्या डोक्यावर हेल्मेट होतं. मातीपाशी आली तेव्हा आईने ते काढलं. सर शेजारी उभे होते. चाळणी म्हटल्यावर पोरगी थांबली आणि तिने सरांकडे बघितलं. एवढा भाग तुमचा.

"तो शब्द माझा," सर म्हणाले. "उद्या संघासमोर मीच सांगेन. हिला चालत असेल तर."

आईने हेल्मेट आरशाला अडकवलं. "एवढे मोठे तुम्ही," ती म्हणाली. सरांनी सारवासारव केली नाही. मग आई पोरीकडे वळली. "तुझं काय? सोडायचं का?"

"बघू. शनिवारपर्यंत तर आहेच ना मी." ती मागे बसली, आईच्या कमरेला हात घातला आणि सरांना म्हणाली, "चालेल, सांगा उद्या. पण सांगताना माझ्याकडे बघू नका."

"बरं."

स्कूटर सुरू झाली तशी ती परत वळली. "आणि सर, ती डावीकडे खेळते ना, छोटी? तिलापण बसवा एकदा खुर्चीवर. तीपण फार हसते."